दारात बसणारी

वाटूर
३ डिसेंबर

साजियाताई यांना शिवकन्याचा नमस्कार,

पत्राचा मायना शाळेत शिकवला होता, आता अर्धाच आठवतो. शेवटचं पत्र मी नववीच्या पेपरात लिहिलं, मुख्याध्यापकांना, रजा मिळण्याबाबत. त्यानंतर कुणाला काही लिहायची वेळच आली नाही.

तुम्ही म्हणाला होता, संध्याच्या फोनवरून बोलत जा. संध्याताई चांगली आहे. गावची आशा सेविका म्हणून तिला कुणाच्याही घरात जाता येतं आणि मीटिंगला तिला परतूरला यावंच लागतं. पण फोन नको. माझ्या खोलीच्या आणि घरच्यांच्या खोलीच्या मध्ये नुसता पत्रा आहे. मी कूस बदलली तरी पलीकडे कळतं. कागद कुणाला ऐकू जात नाही, म्हणून हे पत्र संध्याताईच्या पिशवीतून पाठवते आहे.

तुमचा पाय मोडल्याचं तिच्याकडूनच कळलं. मला या खोलीत बसवून परत जाताना वाटूर फाट्यावरच तुमची स्कूटी घसरली म्हणे. वाईट वाटलं. म्हणजे वाटायला पाहिजे असं कळलं. हल्ली मला आधी कळतं आणि वाटायचं राहून जातं. राग मानू नका.

तुम्ही आणि संरक्षण अधिकारी मॅडम गेल्यावर काय झालं ते विचारलंत. काहीच झालं नाही. दिवाळीच्या आधी गोरक्षनाथनं मला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. आता कोर्टाचा कागद घेऊन परत आले तर शेजारणीनं दारही लोटून पाहिलं नाही. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण कोर्टात घ्यावं लागलं, तेव्हापासून जीभ सुटली. आता नावच लिहिते.)

कागदात लिहिलंय की मला या घरात राहू द्यावं, हात लावू नये, शिवीगाळ करू नये. ते सगळं बरोबर पाळतात. हात लावत नाहीत आणि शिवी देत नाहीत. बोलतच नाहीत. सरकी आणि ठिबकच्या नळ्या ठेवायची खोली मला रिकामी करून दिली, तिचा वास अजून गेलेला नाही. आत एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी. कडीला माझं कुलूप. चावी कमरेला.

सासूबाई तेवढ्या बोलतात, पण माझ्याशी नाही, शेळीशी. आमची एक पांढऱ्या ठिपक्यांची शेळी आहे, बांडी. तिला माझ्या दारासमोर बांधतात आणि म्हणतात, "बांडे, सांग घरच्या मालकिणीला, नळाला पानी आलंय." नाहीतर, "बांडे, ज्वारी बाजूला काढून ठिवलीय, पडून राह्यली तर उंदरं खातील." शेळी माझ्याकडे बघते. मी पाणी भरते, ज्वारी घेते. घरात अबोला असला की आमच्याकडे असंच चालतं. लहानपणी माझ्या आईचं आणि काकूचं वर्षभर मांजरामार्फत चाललं होतं. तेव्हा हसू यायचं.

तुमची
शिवकन्या


परतूर
९ डिसेंबर

शिवकन्या,

पाय स्टुलावर टेकवून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. हाडात सळई घातली आहे आणि डॉक्टरांनी फेब्रुवारी संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं बजावलंय. म्हणजे तूही बसलेली आणि मीही बसलेली. फरक एवढाच की माझ्याशी बोलायला अम्मी आहे आणि ती बोलायची थांबत नाही.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. शेळीचं ऐकून ती इतकी हसली की खोकला लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "बकरी से बोलती, मतलब बोलना तो है उसकू." माझ्या अम्मीला, चाँदबीला, प्रत्येक सासूत काहीतरी चांगलं दिसतं, कारण तिला स्वतःला सासू मिळालीच नाही.

आता कामाचं. मी काही वकील नाही, हे तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी विधी स्वयंसेवक. गळ्यात ओळखपत्र घालून गावोगाव जायचं, बायकांना त्यांचा हक्क त्यांच्या भाषेत समजावायचा आणि गरज पडली तर वकिलापर्यंत, कोर्टापर्यंत बोट धरून न्यायचं, एवढंच माझं काम. पण इतकी वर्षं हे करताना एक गोष्ट मला वकिलांपेक्षा जास्त कळली. बाईला घराबाहेर ढकलून काढणारे कमी असतात. गोड बोलून उठवणारे जास्त.

तुमच्या समाजमंदिरात खेळलेला खेळ आठव. खडूनं चौकोन आखला होता, हे तुमचं घर. त्यात एकीनं बसायचं, बाकीच्यांनी तिला उठवायचं. किती जणी बसल्या आणि उठल्या! एक भावाच्या लग्नाला उठली, एक नवरा माफी मागतो म्हणून उठली. तू बसलीस तेव्हा तुळजाबाईनं तर डोक्यावर पदर घेऊन गळाच काढला, "शिवकन्ये, तुही माय मरायला टेकली गं, चल जल्दी!" सगळ्या पोट धरून हसत होत्या, तू नुसती बसून. शेवटी मी म्हणाले, "चला, खेळ संपला, उठा आता." त्यावर सगळ्याच उठतात. तीच माझी शेवटची फेरी असते आणि आजवर प्रत्येक गावात प्रत्येक बाई त्यात हरली. तू नाही उठलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुम्ही बी खेळातल्याच." टाळ्या थांबेनात.

तो खेळ मी उगाच काढलेला नाही. परतूरच्या पलीकडच्या एका गावातली बाई आई आजारी म्हणून माहेरी गेली. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. परत आली तर दाराला नवीन कुलूप आणि आत दुसरीच बाई. तिची केस अजून चालू आहे.

गोरक्षनाथला दुसरी करायची आहे हे तू मला सांगितलंस. तुझी ती खोली रिकामी दिसली की तो वाट बघणार नाही. तेव्हा फेब्रुवारीत कोर्टाची तारीख होऊन हुकूम पक्का होईपर्यंत बस. तेवढंच बस.

तुझी
साजियाताई


वाटूर
४ जानेवारी

साजियाताई यांना नमस्कार,

बसले आहे. सवय झाली. आता खोलीबाहेर पाण्यापुरती आणि परसाकडेपुरती जाते. शेतात जात नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली, कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. दिवस कसा जातो विचाराल तर मला सांगता येणार नाही. उजेड खिडकीतून खाटेवर येतो, मग भिंतीवर जातो, मग जातो.

सणाला पुरणाचा वास आला. बांडीला सांगून एक पोळी दारात आली. खाल्ली. चव कशी होती ते आठवत नाही, पण खाल्ली.

एक विचारायचं आहे. परवा धर्मराज आल्ता, माझा धाकटा भाऊ, वडीगोद्रीला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे त्याचं. आल्या आल्या तो माझ्याकडे नाही आला. आधी गोरक्षनाथशी गेटात उभा राहून बोलला. दोघांनी चहा घेतला. दिवाळीला याच गोरक्षनाथला तो मारायला धावला होता. मग माझ्या दारात येऊन म्हणाला, "अक्का, आईला बरं न्हाई. तुही आठवण काढून राह्यली. चल दोन दिवस."

मी विचारलं काय होतंय. म्हणाला, अंगात कणकण आहे, जेवण जात नाही. आईला दर थंडीत असंच होतं. मी विचारलं, गोरक्षनाथ काय म्हणत होता? तो म्हणाला, "काई न्हाई, म्हणला घिऊन जा, माही ना न्हाई."

माझी ना नाही. हे ऐकलं आणि मला तुमचा खडूचा चौकोन दिसला.

मी म्हणाले, तारीख होऊ दे, मग येते. तो तसाच माघारी गेला. त्यानंतर सासूबाई शेळीला वैरण टाकताना म्हणाल्या, "बांडे, जावं माणसानं. माय एकदाच असती." इतके दिवस त्या पाणी आणि ज्वारी याशिवाय दुसरं काही बोलल्या नव्हत्या. आता सगळ्यांनाच मी जावी असं वाटतंय. भाऊ म्हणतो जा, नवरा म्हणतो जा, शेळीला सुद्धा तेच सांगायला लावतात.

ही तीच फेरी आहे ना? तुम्ही सांगा. माझं मला काही वाटेनासं झालंय, त्यामुळे खरं-खोटं ओळखू येत नाही.

तुमची
शिवकन्या


परतूर
९ जानेवारी

शिवकन्या,

शाबास. तीच फेरी.

जरा बघ तर खरं. ज्यानं तुला हाताला धरून काढलं, तो आज म्हणतो माझी ना नाही. जी सासू तुझ्याशी बोलत नाही, तिला तुझ्या आईची माया आली. आणि भावाला आधी चहा पाजला. धर्मराजचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाऊ भोळे असतात, त्यांना पुढे करणं सोपं असतं. कणकण आणि जेवण जात नाही, हे काही तातडीचं आजारपण नाही, तूच लिहिलंस की दर थंडीत होतं.

अम्मीचं मत वेगळं आहे, तेही लिहिते, नाहीतर ती मला जेवू घालणार नाही. ती म्हणते, "माँ की बात में शक नै करना." मी तिला सांगितलं, अम्मी, तुला कोर्टातलं काय कळतं? ती बिलकुल ऐकत नाही.

तू बसून राहा. तारीख झाली, हुकूम पक्का झाला की मी स्वतः तुला वडीगोद्रीला घेऊन जाईन. लंगडत येईन. तुझ्या आईच्या हातची भाकरी खाऊ आणि आईला सांगू की तुमची पोरगी सगळ्या तालुक्यात पहिली आली.

संध्या म्हणाली आशांचा संप होणार आहे, तिलाही जालन्याला मोर्चाला जावं लागेल. तेव्हा हे पत्र मिळाल्यावर उत्तराला उशीर झाला तरी मी समजून घेईन.

तुझी
साजियाताई


परतूर
२७ जानेवारी

शिवकन्या,

संप काही मिटत नाही, म्हणून हे पोस्टानं टाकते आहे. पोस्टमननं ते तुझ्याच हातात द्यावं म्हणून पाकिटावर तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय. मिळालं की एक ओळ तरी पाठव.

एक मजा सांगायची राहिली. पाय मोडला तरी माझ्या जिभेला काही झालं नाही, म्हणून परतूरच्याच बायकांची बैठक आमच्या घरी ओसरीवर घेतली. अम्मीनं सगळ्यांना चहा केला. खेळही खेळलो. आणि खेळ झाल्यावर मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, नाव न घेता. एक बाई आहे, भाऊ न्यायला आला तरी उठली नाही, सासूनं शेळीला सांगितलं तरी उठली नाही. बायका तोंडात बोट घालून ऐकत होत्या. एक म्हणाली, "असं काळीज पायजे बाई." मला फार अभिमान वाटला.

कशी आहेस? आईची तब्येत सुधारली का? थंडी आता कमी झाली आहे.

तुझी
साजियाताई


वाटूर
२ फेब्रुवारी

साजिया मॅडमला साखराबाईचा रामराम,

मला लिवता येत न्हाई. मी बोलून राह्यले अन् संध्या लिहून राह्यली. तिला म्हणलं, जसं बोलते तसंच लिव, नटवू नको. तिचा संप चालू हाय तरी ती माह्यासाठी बसली. लिवून झालं की ती आताच परतूरच्या गाडीत बसन.

मी शिवकन्याची सासू. तुम्ही आमच्या घरी आल्त्या तवा मी तुमाला पानी इचारलं न्हाई. राग होता. अजून हाय. पण ह्ये रागाचं पत्र न्हाई.

शिवकन्याची माय, झुंबरबाई, गेली. बारा दिस झाले. उद्या तेरावा हाय.

धर्मराज दोनदा न्यायला आल्ता. ही गेली न्हाई. तिसऱ्यांदा तो आला न्हाई, फोन आला, संपलं म्हणून. मयताला माणसं नदीवर चालली तवाबी ही गेली न्हाई. त्या दिवसापासून तिनं आतून कडी लावली. माह्या म्होरं ती रडली न्हाई. पत्र्याला कान लावून ऐकलं, तवाबी काई ऐकू आलं न्हाई. पानी दारात ठिवते, ते घेती. भाकर कदी घेती, कदी शेळी खाती. संक्रांतीला मी तिच्या उंबऱ्यावर तिळाचा लाडू ठिवल्ता. त्या दिवशी तरी गोड बोला म्हणायचं असतं, पण माह्या तोंडातून निघालं न्हाई. लाडू तिथंच राह्यला, मुंग्यांनी नेला.

मी शेळीला सांगितलं होतं, जावं म्हणून. ते मी मनापासून सांगितलं होतं. पण शेळीला सांगितलेलं खरं कोण धरील. तोंडावर सांगायला पायजे होतं. सवय मोडली होती.

आता दुसरं बी सांगते. खोटं बोलून मला काय मिळायचं. गोरखनं नवं कुलूप आणून ठिवलं होतं. ती गेली का लावायचं, असा त्याचा इचार होता. ते मला म्हाईत होतं. म्हणजे तुमी तिला जे शिकवलं ते बराबर होतं. अन् तिची माय खरंच मरून राह्यली होती, ते बी बराबर होतं.

उद्या तेरावा हाय. तिला उठवा. ती तुमचं ऐकती.

साखराबाई


परतूर
२ फेब्रुवारी, सायंकाळ

शिवकन्या,

संध्या आमच्या ओसरीवर बसली आहे. शेवटच्या गाडीनं हे घेऊन ती परत येईल.

साखराबाईंचं पत्र वाचलं. तुझ्या आईचं कळलं.

मी स्वतः निघाले होते. अम्मीनं रिक्षा बोलावली, मी पायरी उतरले, आणि मग थांबले. मी तुझ्या दारात उभी राहून "ऊठ" म्हणाले तर तू काय समजशील? शेवटच्या फेरीत मीच येऊन ऊठ म्हणायचे. माझ्यावर विश्वास ठेवू नये, हे तुला मीच शिकवलं. म्हणून लिहिते आहे. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो.

कोर्टाच्या हुकुमात असं कुठंही नाही की तू खोलीत बसून राहिलं पाहिजे. राहायचा हक्क तुझा आहे, तू आत असलीस तरी आणि चार दिवस बाहेर गेलीस तरी. आजारपणाला, मयताला, लग्नाला कुणीही जाऊन येऊ शकतं. त्यानं कुलूप लावलं तर ती हुकूम मोडल्याची तक्रार होते, त्याच्यावर गुन्हा होतो, पोलिसांना घेऊन ते कुलूप काढता येतं. वेळ लागतो, त्रास होतो, परतूरच्या पलीकडच्या गावातली ती बाई अजून भांडते आहे तशी. पण हक्क जात नाही. हे सगळं मला जानेवारीतही माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी कायदा सांगायच्या ऐवजी खेळ सांगितला.

धर्मराजला एक फोन करायचा होता. माझ्या उशाशी फोन होता. मला इतकी खात्री होती की फोन करावा असं मनातही आलं नाही.

उद्या तेरावा आहे. जा, शिवकन्या. 

साजिया


वाटूर
१८ फेब्रुवारी

साजियाताई यांना नमस्कार,

तुमची चारही पत्रं माझ्यापाशी आहेत. पोस्टानं आलेलंही मिळालं, ते आई गेल्यानंतर आलं. त्यात तुम्ही आईची तब्येत विचारली होती, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

जे झालं ते लिहिते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धर्मराज परत आल्ता. या वेळी गेटात थांबला नाही, सरळ माझ्या दारात आला आणि फोन पुढे केला. पलीकडे आई होती. आवाज बारीक झाला होता. एवढंच म्हणाली, "येतीस का गं." मी म्हणाले, "तारीख झाली की येते." ती म्हणाली, "बरं." आजारी आहे हे मला तेव्हा कळलं होतं, ताई. ते काही लपवत नाही. मरणार आहे हे कळलं नव्हतं. बरं म्हणाली म्हणजे बरी आहे असं मी धरून चालले.

आई गेल्याचं मला सासूबाईंनी सांगितलं. दारात आल्या, शेळीला बाजूला सारलं आणि माझं नाव घेतलं. "शिवकन्या, तुही माय गेली." दिवाळीपासून त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं तेव्हाच मला समजलं की हे खरं आहे. तरी मी उठले नाही. का ते मला माहीत नाही. डोळ्यांपुढे समाजमंदिर आलं, तुळजाबाईचा पदर, बायकांचं हसणं. मला वाटलं आता टाळ्या वाजतील. बराच वेळ वाट पाहिली.

मग मी आतून कडी लावली.

दोन तारखेला तुमचं पत्र आलं. संध्याताईनं ते दाराखालून आत सरकवलं. वाचलं, दोनदा वाचलं. कायदा कळला. आणि खरं लिहिते, तरीही उठले नाही. तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. मला वाटलं, शेवटची फेरी अशीच असते, इतकी खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दार वाजवलं. मी कडी काढली. त्या ऊठ म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून. एक पाय आत आणि एक बाहेर. बांडीचं दावं हाताला गुंडाळून घेतलं. अंगणात गोरक्षनाथ उभा होता. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मी इथं बसले हाय. हिचं कुलूप लागणार न्हाई अन् तुहं बी लागणार न्हाई. ती येस्तोर मी उठत न्हाई."

तो म्हणाला, "आये, येडी झालीस का."

त्यांनी दाव्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

मी त्यांच्या बाजूनं बाहेर पडले. अंबडला गाडी बदलून वडीगोद्रीला गेले. पंगत बसली होती. कुणी मला काही म्हणालं नाही, धर्मराजच्या बायकोनं पाणी दिलं. आईची खाट अंगणात धुवून उभी करून ठेवली होती. धर्मराजनं विचारलं, "अक्का, राहतीस का?" मी म्हणाले, नाही, सासूबाई बसल्यात. त्याला काही कळलं नसेल. मी जेवले, आईच्या फोटोला हळदकुंकू लावलं आणि निघाले. रडू तिथंही आलं नाही. गाडीत एका अनोळखी बाईनं विचारलं, "कुठं गेल्त्या?" मी म्हणाले, "माहेरी." तेव्हा थोडं आलं.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या तशाच बसल्या होत्या, एक पाय आत, एक बाहेर. शेळी शेजारी. समोर ताटात अर्धी भाकरी, तिथंच बसून खाल्लेली. नवीन कुलूप ओसरीवर पडलं होतं, उघडं. मला बघून त्या उठल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या, मी हात दिला, तो त्यांनी घेतला. मग बांडीला म्हणाल्या, "चल बाई, आपलं झालं." आणि गेल्या.

तेव्हापासून मी खाटेवर पडून एकच विचार करते. त्या जानेवारीतही बसल्या असत्या. मी विचारलं नाही. त्या बोलल्या नाहीत. तुम्ही होता तिकडे पाय मोडून.

परवा तारीख झाली. हुकूम पक्का झाला, वकीलबाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल. खोली माझी आहे. सासूबाई अजून शेळीशीच बोलतात. आता मीही कधी कधी तिच्याशीच बोलते, त्या पलीकडून ऐकतात.

तुम्ही तो खेळ बंद करणार असल्याचं संध्याताईनं सांगितलं. बंद करू नका. गोरक्षनाथनं कुलूप खरंच आणलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी कुणीतरी आज आणत असेल. बसायला शिकवलंच पाहिजे. पण त्या खेळात सगळ्या बायका उठवणाऱ्या होत्या, ताई. इतक्या बायका होत्या समाजमंदिरात, आणि चौकोनाच्या कडेला येऊन, तू जाऊन ये, तोवर मी बसते, असं म्हणणारी एकही नव्हती. तशी एक घाला. खडूच्या रेघेवर बसवा तिला, एक पाय आत, एक पाय बाहेर.

पाय बरा झाला की बैठक कुठं आहे ते कळवा, मी येईन. मला मध्ये बसवू नका. रेघेवर बसवा.

तुमची
शिवकन्या